पू न होणारी जखम

पू म्हटला की आपण नाक मुरडतो, आणि ते स्वाभाविकच आहे. तथापि आजच्या विषयाला हात घालण्यापूर्वी त्या पुवाच्या बाजूने दोन शब्द बोलणे मला भाग आहे. रानात गेलेल्या माणसाच्या पायात बोरीचा काटा मोडतो. त्या दिवशी तो नुसता सलतो. दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, तापते, ठणकू लागते. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिला पांढरे तोंड येते. ते तोंड फुटले, पू वाहून गेला की काटाही बरोबर निघतो आणि माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो. हा पू म्हणजे काय? आपल्याकडे समजतात तसे ते नासलेले रक्त नव्हे. काट्याबरोबर आत शिरलेल्या जंतूंवर धावून गेलेल्या व तेथेच मेलेल्या रक्तातील पांढऱ्या पेशी, त्यांनी मारलेले जंतू, आणि मोडतोड झालेल्या मांसाचा चुरा, एवढाच त्याचा ऐवज. रणांगणावर पडलेली प्रेतेच ती. प्रेते पाहून वाईट वाटते हे खरे. पण सैन्य वेळेवर पोचले होते एवढे तरी त्यावरून सिद्ध होते.

काही मुले अशी जन्माला येतात की त्यांच्या जखमेत पू होतच नाही. जखम चिघळते, काळी पडते, पसरत जाते, पण पिकत नाही. आईबापांना प्रथम बरे वाटते, की जखम कोरडी आहे, पिकली नाही. वस्तुतः यापेक्षा वाईट लक्षण दुसरे नाही. सैन्य आलेच नाही, असा त्याचा अर्थ आहे. ते का आले नाही, कोठे अडले, आणि या प्रश्नाचे उत्तर आईबापांकडून मुलाकडे चालत आलेल्या एखाद्या जनुकात कसे सापडते, हा आजचा विषय.

पांढऱ्या पेशी जंतूंवर धावून जातात ही गोष्ट आज शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. परंतु १८८२ सालापर्यंत ती कोणी नीट सांगितली नव्हती. सिसिली बेटावरील मेसिना गावी एली मेचनिकॉफ नावाचा रशियन प्राणिशास्त्रज्ञ राहत होता. घरची मंडळी सर्कस पाहायला गेली होती आणि हा एकटा सूक्ष्मदर्शकाशी बसला होता. समोर ताराछाप समुद्री जीवांची काचेसारखी पारदर्शक पिल्ले होती. त्याच्या मनात आले, माणसाच्या बोटात काटा शिरला की भोवती पेशी गोळा होतात, तसे या पिल्लातही होईल काय? बागेतल्या संत्र्याच्या जातीच्या झाडाचे काटे आणून त्याने पिल्लांत टोचले. रात्री झोप लागली नाही. सकाळी पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! या पेशी परक्या वस्तूला वेढतात व गिळतात, हीच शरीराची संरक्षणव्यवस्था होय, असे त्याने प्रतिपादन केले. पुष्कळ टीका झाली, पण १९०८ साली पॉल एर्लिख यांच्याबरोबर त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

हा मेचनिकॉफ आपल्याला वाटतो तितका परका नाही. ओडेसा येथे त्याच्या हाताखाली शिकलेला वाल्देमार हाफकिन १८९६ साली प्लेगच्या धामधुमीत मुंबईस आला आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतः तयार केलेली लस त्याने आधी स्वतःलाच टोचून घेतली. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ पासून त्याची प्रयोगशाळा होती. तीच पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट झाली. परळचे नाव लक्षात ठेवा. आपली ही हकीकत फिरून फिरून तेथेच येणार आहे.

प्रौढ माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरात, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान थेंबात, साधारण चार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी असतात. त्यांत निम्म्याहून अधिक भरणा न्यूट्रोफिल नावाच्या पेशींचा. जंतूंशी हातघाईची लढाई करतात त्या याच. हाडांतील मगजात त्या तयार होतात, आणि तेथला कारखाना असा प्रचंड आहे की दररोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तो रक्तात सोडतो. रक्तात त्यांचे आयुष्य मात्र फार तर एखाद्या दिवसाचे. म्हणजे या सैन्यात जुना, मुरलेला शिपाई असा कोणी नाहीच. सगळी रोज नवी भरती.

आता या शिपायाला काय काय करावे लागते ते पाहा. प्रथम तो जन्माला यावा लागतो. मग रक्ताच्या धारेतून वाहत असता नेमक्या जागी थांबून काठावर उतरावे लागते. नंतर वासावरून जंतूचा माग काढून त्याला गिळावे लागते. आणि गिळल्यावर त्याला ठार करावे लागते. यातील एकेक काम एकेका प्रथिनावर सोपविलेले आहे, आणि ते प्रथिन कसे घडवावे याचा नमुना एकेका जनुकात लिहिलेला आहे. नमुन्यात एखादे अक्षर चुकले तर तेवढेच काम बंद पडते, बाकी सारे ठाकठीक राहते. यामुळेच या रोगांचा उलगडा होण्यास इतका काळ लागला. रोगी धडधाकट दिसे, रक्तातील पेशींची मोजणी चांगली येई, आणि तरी मूल मरे.

एका अक्षराने काय घडते हे गडचिरोली-चंद्रपूर भागातील श्रोत्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. सिकलसेल आपल्या घराघरांत माहीत आहे. नागपूरचे शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. तेथे रक्ताच्या लाल रंगाच्या प्रथिनातील एका साखळीत सहाव्या जागी एक कण बदलतो, आणि तेवढ्याने तांबड्या पेशीचा विळा होतो. आई 'एएस', बाप 'एएस', दोघेही ठणठणीत. पण प्रत्येक गरोदरपणी चारांत एक शक्यता अशी की मूल 'एसएस' निघावे. हा हिशेब आपल्याकडील आशाताईसुद्धा तोंडपाठ सांगते. आज ज्या रोगांविषयी बोलायचे त्यांपैकी बहुतेकांचा हिशेब हाच आहे. फरक एवढाच की येथे बिघाड तांबड्या पेशीत नसून पांढऱ्या पेशीत असतो, आणि हे रोग सिकलसेलपेक्षा कितीतरी दुर्मिळ आहेत.

पहिली अडचण भरतीचीच. स्वीडनच्या उत्तर भागातील काही कुटुंबांत अर्भके एकामागून एक फोडांनी व न्युमोनियाने दगावत होती. रोल्फ कॉस्टमन या डॉक्टरने १९५६ साली त्यांची वंशावळ मांडून दाखविली. त्या मुलांच्या रक्तात न्यूट्रोफिल जवळजवळ नव्हतेच. मगजात पेशी घडू लागत, पण अर्ध्यावरच मरत. पुढे पन्नास वर्षांनी, २००७ साली, त्याच कुटुंबांतील बिघडलेले जनुक सापडले. या मुलांना मगजास चालना देणारे औषध टोचता येते, आणि १९९० च्या सुमारास ते हाती आल्यापासून पूर्वी हमखास मरणारी मुले मोठी होऊ लागली. काहींना पुढे रक्ताचा कर्करोग होतो, म्हणून त्यांच्यावर नजर ठेवावी लागते. या प्रकाराविषयी इतकेच पुरे, कारण साधी रक्ततपासणीच त्याचा सुगावा देते. पेशी कमी आहेत हे मोजून कळते. खरी फसवणूक पुढच्या दोन प्रकारांत आहे.

आपली वैनगंगा डोळ्यांसमोर आणा. भाद्रपदातला पूर, आणि मधल्या धारेतून वाहत निघालेला एक डोंगा. काठावरच्या गावात आग लागली आहे आणि डोंग्यातील माणसांना तेथे उतरायचे आहे. धार इतकी ओढीची की नुसते मनात आणून डोंगा काठाला लागत नाही. आधी काठावरच्या झुडपांना, वेलींना हात घालून वेग कमी करावा लागतो. एक वेल सुटते, दुसरी हाती येते, असा डोंगा काठाकाठाने घसटत जातो. मग योग्य जागी दोर टाकून तो खुंट्याला पक्का बांधायचा, आणि मग माणसांनी काठ चढून आत शिरायचे. रक्तवाहिनीत हुबेहूब असेच घडते. शेजारी जंतूंचा उपद्रव सुरू झाला की वाहिनीच्या भिंतीतील पेशी आपल्या अंगावर वेलींसारखे आकडे उगवतात. न्यूट्रोफिलच्या अंगावर साखरेच्या कणांचे झुपके असतात. ते या आकड्यांत अडकतात व पेशी भिंतीवरून गडगडत हळू चालू लागते. नंतर इंटिग्रिन नावाचे प्रथिन दोराचे काम करते. त्याने पेशी घट्ट बांधली जाते व भिंतीच्या फटीतून बाहेर पडते.

१९७९ साली लंडनच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' मध्येच काही मुलांची हकीकत दिली. त्या मुलांची नाळ वेळेवर गळाली नव्हती, ठिकठिकाणी जंतुसंसर्ग होत होता, आणि त्यांच्या पांढऱ्या पेशींना चालता येत नव्हते. पुढील काही वर्षांत कारण सापडले. इंटिग्रिनचा एक भाग घडविणारे, २१ व्या गुणसूत्रावरील जनुक बिघडले होते. दोरच नव्हता. नाळेचा आणि पांढऱ्या पेशींचा संबंध काय, असे कोणी विचारील. बाळाची वाळलेली नाळ आपोआप गळते असे आपण म्हणतो, पण ती आपोआप गळत नाही. बेंबीपाशी पांढऱ्या पेशी जमतात आणि मेलेला भाग जिवंत भागापासून सोडवितात. तेव्हा आठवडा-पंधरवड्यात ती गळते. दोर नसलेल्या मुलात ती तीन आठवडे उलटून गेले तरी चिकटूनच राहते, बेंबी लाल होते, सुजते, आणि पू मात्र येत नाही.

अशा मुलाचे रक्त तपासले तर काय दिसते? पांढऱ्या पेशी कमी नाहीत, उलट फार! संसर्गाच्या वेळी तर घन मिलिमीटरला पन्नास हजार, लाखापर्यंतही आकडा चढतो, आणि डॉक्टरला रक्ताच्या कर्करोगाची शंका येते. वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे माहेरघर, म्हणून तेथलाच दाखला देतो. पात्रांनी विंग खच्चून भरलेली, मेकअप होऊन सारे उभे, पेटीवाला सूर धरून बसलेला, आणि रंगमंच मात्र रिकामा. रस्ता सापडत नाही म्हणून कोणी पुढे येत नाही; मागून आणखी पात्रे येतच आहेत. रक्त म्हणजे ती विंग, आणि जखम म्हणजे तो रिकामा रंगमंच.

या रोगाच्या तीव्र प्रकारात, मगजाचे रोपण झाले नाही तर, बहुतेक मुले पहिल्या दोन वर्षांतच दगावतात. सौम्य प्रकारात थोडाफार दोर शिल्लक असतो. ती मुले मोठी होतात, पण हिरड्या सुजतात, दात अकाली पडतात, जखमा महिनोन्‌महिने भरत नाहीत.

दोराची गोष्ट झाली. वेलींची राहिली, आणि ती आपल्याला पुन्हा परळला नेते. १९५२ साली डॉ. य. म. भेंडे, देशपांडे, भाटिया व त्यांचे इंग्रज सहकारी यांनी एका नव्या रक्तगटाचे वृत्त प्रसिद्ध केले. ए, बी, एबी व ओ हे चार गट सर्वांना माहीत आहेत. मुंबईत अशी काही माणसे आढळली की वरकरणी त्यांचा गट ओ दिसे, पण ओ गटाचे रक्तही त्यांना चालत नसे. त्या गटाला 'बॉम्बे' हेच नाव पडले, आणि जगभरच्या पुस्तकांत ते आजही त्याच नावाने छापले जाते. आपल्या देशात हा गट सुमारे दहा हजारांत एकास असतो. या माणसांच्या तांबड्या पेशींवर फ्यूकोज नावाच्या साखरेचा एक कण बसविलेला नसतो; त्या कणावाचून ए आणि बी यांची खूणही चढत नाही. एरवी ही माणसे अगदी निरोगी असतात. रक्त घेण्याची वेळ आली तरच काय ती पंचाईत.

मग १९९२ साली इस्रायलमधील डॉक्टरांसमोर दोन मुलगे आले. दोघांचे आईबाप आपापसात नातेवाईक होते. मुले वाढीने व बुद्धीने मागे होती, जंतुसंसर्ग वारंवार होत होता, पांढऱ्या पेशींची संख्या चढलेली आणि पू नाही. दोर तपासला तर जागेवर होता. रक्तगट पाहिला तो 'बॉम्बे'! हा धागा हाती आल्याबरोबर कोडे सुटले. न्यूट्रोफिलच्या अंगावरचे जे झुपके वेलींत अडकतात त्यांतही फ्यूकोज असतो. आपल्या मुंबईच्या माणसांत तो कण तांबड्या पेशीवर बसविणारे एकच एन्झाइम नसते. पांढऱ्या पेशींचे काम निराळे एन्झाइम करते आणि ते शाबूत असते. या दोन मुलांत फ्यूकोज कारखान्याच्या खोलीत पोचतच नव्हता, म्हणून कोणत्याच पेशीला तो मिळाला नाही. २००१ साली तो आत नेणाऱ्या प्रथिनाचे जनुक सापडले. पुढे या रोगाच्या एका तुर्की मुलाला फ्यूकोज साखर तोंडाने भरपूर देऊन पाहिली, तेव्हा त्याचे ताप व संसर्ग थांबले; इस्रायलच्या मुलांना मात्र त्याचा गुण आला नाही. बिघाड एकाच जनुकात असला तरी अक्षरे वेगवेगळी चुकलेली असू शकतात. 'बॉम्बे' गटाचे कोणी श्रोते येथे असतील तर त्यांनी उगीच धास्ती घेऊ नये. त्यांच्या पांढऱ्या पेशी उत्तम आहेत. पण परळच्या एका रक्ततपासणीत उमगलेली गोष्ट चाळीस वर्षांनी इतक्या दूरच्या दोन मुलांच्या रोगाची किल्ली ठरावी, याचे मला अजून नवल वाटते.

आता समजा शिपाई जन्मला, उतरला, माग काढत पोचला आणि त्याने जंतू गिळलाही. गिळले म्हणजे मेले असे नव्हे. पेशीच्या पोटात जंतू सुखाने नांदू शकतो. त्याला मारण्यासाठी न्यूट्रोफिल जी युक्ती करतो ती ऐकण्यासारखी आहे. जंतू पोटात येताच पेशी एकदम कितीतरी पट अधिक प्राणवायू ओढू लागते. हा प्राणवायू श्वसनासाठी नसतो. एका एन्झाइमच्या साहाय्याने ती त्यापासून जहाल रसायने बनविते. त्यांतील एक हायड्रोजन पेरॉक्साइड, जखम धुवायला दवाखान्यात वापरतात ते. आणि मिठातील क्लोरिनशी त्याचा संयोग घडवून बनते ते दुसरे, म्हणजे ब्लीचिंग पावडर विहिरीत टाकल्यावर पाण्यात जे तयार होते तेच. साथीच्या दिवसांत ग्रामपंचायत जे करते ते आपल्या पेशी आपापल्या पोटात अहोरात्र करीत आहेत.

१९५७ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथे रॉबर्ट गुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही मुलग्यांचा एक विचित्र रोग वर्णिला. गळ्यात, काखेत गाठी येत, फुप्फुसात व यकृतात फोड होत, कातडीला जखमा; औषधाने थोडा उतार पडे आणि पुन्हा सारे उसळे. त्यांनी रोगाच्या नावातच 'प्राणघातक' हा शब्द घातला होता. पुढे काही मुले जगू लागली तेव्हा तो शब्द काढून 'दीर्घकालीन' असे म्हणू लागले. १९६७ साली तेथेच दिसून आले की या मुलांच्या पेशी जंतूंना उत्तम गिळतात, पण मारीत नाहीत. प्राणवायूपासून विष बनविणारे ते एन्झाइम त्यांच्यात नसते. यावर पांढऱ्या पेशींचा उपाय एवढाच, की आणखी पेशी येऊन त्या जिवंत जंतू पोटात घेतलेल्या पेशींभोवती कुंपण घालतात. त्याच गाठी.

आणि येथेच आपल्या देशात घोटाळा होतो. गळ्याची गाठ कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर ती क्षयाच्या गाठीसारखी दिसते. क्षय आपल्याकडे पुष्कळ, तेव्हा क्षयाचे औषध सुरू होते. सहा महिन्यांनी पुन्हा गाठ, पुन्हा तेच औषध. डॉक्टरांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. शंभर गाठींपैकी जवळजवळ सर्व क्षयाच्या वा साध्याच असणार. पण दोनदा-तीनदा तेच घडले, किंवा यकृतात फोड झाला, तर पांढरी पेशी काय करते हे पाहावे, एवढेच म्हणणे आहे.

ते पाहण्याची जुनी परीक्षा फार सुरेख होती. रक्तात एक पिवळसर रंगद्रव्य मिसळावयाचे. निरोगी पेशी चेतविली की ती प्राणवायूचा मारा करते आणि तो रंग गडद निळा होतो. रोगी मुलाची पेशी पिवळीच राहते. आता यासाठी यंत्र आले आहे, त्यात चेतलेल्या पेशी प्रकाशाने चमकतात. तत्त्व तेच. या रोगाचा पुष्कळ ठिकाणी आढळणारा प्रकार एक्स या गुणसूत्रावरचा आहे, म्हणून तो मुलग्यांत दिसतो आणि आईकडून येतो. अशा आईचे रक्त तपासले तर काही पेशी निळ्या आणि काही पिवळ्या, असे मिश्रण दिसते. स्त्रीच्या दर पेशीत दोन एक्सपैकी एकच काम करतो, हे तत्त्व त्या काचपट्टीवर नुसत्या डोळ्यांनी वाचता येते. ती आई स्वतः बहुधा ठणठणीत असते, कारण निम्मे सैन्यही पुरते. तिला दोष लावणारे शेजारीपाजारी असतात, म्हणून सांगतो: हे अक्षर तिने चुकविलेले नाही, आणि ते मुलात उतरावे की न उतरावे हे कोणाच्याच हाती नव्हते. नात्यात लग्ने होतात त्या समाजांत दुसरा, सिकलसेलसारखा दोन्हीकडून येणारा प्रकार अधिक आढळतो. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल आहे. आते-मामे भावंडांचा आठवा हिस्सा वारसा समाईक असतो, आणि दुर्मिळ चूक दोन्ही बाजूंनी एकाच मुलात येण्याची संधी तेवढ्याने वाढते. म्हणून काही सगळीच अशी लग्ने मोडीत काढण्याचे कारण नाही. पण घरात एखादे मूल असे गेले असेल तर हा विचार अवश्य करावा.

या रोगाची एक गोष्ट आपल्या धानाच्या मुलखासाठी मुद्दाम सांगितली पाहिजे. या मुलांना जंतूंइतकेच बुरशीचे भय. ओली तणस, कुजलेला पालापाचोळा, शेणखताचा ढीग उपसताना जी भुकटी उडते तीत बुरशीचे बीज असते. आपण ती रोज हुंगतो आणि आपल्याला काही होत नाही. या मुलाला त्याच भुकटीने जीवघेणा न्युमोनिया होऊ शकतो. मळणीच्या दिवसांत तणसीच्या ढिगावर उड्या मारणे हा झाडीपट्टीतल्या पोरांचा जन्मसिद्ध हक्क आहे. या एका पोराला मात्र तो नाकारावा लागतो. दररोज एक जंतुनाशक व एक बुरशीनाशक औषध चालू ठेवले तर ही मुले बरीच वर्षे चांगली राहतात.

चेडियाक-हिगाशी नावाचा आणखी एक प्रकार आहे. क्यूबातील आणि जपानमधील दोन डॉक्टरांची नावे त्याला मिळाली आहेत. त्यात पेशीतील विषाच्या पुड्या एकमेकींत मिसळून अगडबंब होतात व कामाच्या वेळी उघडत नाहीत. केसांचा रंग रुपेरी, कातडी उजळ. सूक्ष्मदर्शकाखाली एकदा पाहिलेली ती पेशी कोणी विसरत नाही.

कायमचा उपाय म्हणजे मगजाचे रोपण. कारखानाच बदलायचा. मिनेसोटाच्या त्याच गुड यांनी १९६८ साली, पांढऱ्या पेशींच्याच दुसऱ्या एका जन्मजात रोगात, बहिणीचा मगज देऊन एका बाळाला वाचविले. सख्ख्या भावंडाचा मगज जुळण्याची शक्यता चारांत एक. खर्च फार मोठा आहे हे लपविण्यात अर्थ नाही. तथापि केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ रोग धोरणात ज्या रोगांना रोपणासाठी साहाय्य मिळते त्यांच्या यादीत वर सांगितलेल्या गाठींच्या रोगाचे नाव आहे. साहाय्याची मर्यादा पन्नास लाखांपर्यंत आहे, आणि नेमलेल्या केंद्रांत परळचे के. ई. एम. रुग्णालय आहे. त्याच आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. १९५७ साली रक्तगट तपासणीचे केंद्र म्हणून ती सुरू झाली, आणि भेंड्यांचे सहकारी भाटिया पुढे तिचे संचालक झाले. पांढऱ्या पेशींच्या या जन्मजात रोगांची तपासणी तेथे होते. चंद्रपूरला सिकलसेलसारख्या रक्तविकारांच्या संशोधनाचे तिचे केंद्र आहे, म्हणजे आता परळ पूर्वीइतके लांब राहिलेले नाही.

परंतु परळला पोचण्यापूर्वी कोणाच्या तरी मनात शंका यावी लागते, आणि त्या बाबतीत गडचिरोली जिल्हा भाग्यवान आहे. डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने येथल्या ३९ गावांत साध्या शिकविलेल्या बायकांच्या हाती नवजात बाळांची घरोघर काळजी सोपविली. मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, आणि १९९९ साली ते काम 'लॅन्सेट' मध्ये प्रसिद्ध झाले. आज देशभर आशाताई ठरलेल्या दिवशी बाळ पाहायला घरी येते: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. यांपैकी एकविसाव्या दिवशी बेंबी पाहावी. बेंबीचा संसर्ग हजारो बाळांना होतो आणि त्यांतील बहुतेक सर्वांच्या पेशी उत्तम असतात. त्यांना स्वच्छता आणि वेळेवर औषध एवढेच हवे असते. नाळ थोडी उशिरा गळण्याची साधी कारणेही पुष्कळ आहेत. पण तीन आठवड्यांनंतरही नाळ गळलेली नाही, बेंबी लाल आहे आणि पू नाही, किंवा याच घरात आधीचे एखादे मूल तान्हेपणी जंतुसंसर्गाने गेले आहे, तर ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावीच. आधीच्या बाळाविषयी आई सहसा बोलत नाही, विचारल्यावरच बोलते. अशा घरात पुढचे मूल जन्मले तर बीसीजीची लस देण्यापूर्वी डॉक्टरांना हे सांगावे, कारण त्या लशीत जिवंत, दुबळे जंतू असतात आणि ज्या पेशीला मारता येत नाही तिला तेही भारी पडतात. इतर सर्व बाळांना ती लस वेळेवर द्यावयाचीच आहे, याविषयी गैरसमज नको.

तपासणीसाठी लागते ते केवळ थोडे रक्त, पण ते जिवंत हवे. मेलेल्या पेशी ना निळ्या होतात ना चमकतात, आणि न्यूट्रोफिलचे आयुष्य किती ते आपण पाहिलेच. म्हणून नळी दिवसा-दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोचावी लागते, आणि तिच्याबरोबर त्याच वेळी काढलेली, एखाद्या निरोगी माणसाच्या रक्ताची दुसरी नळी पाठवितात. दोन्ही नळ्या एकाच डब्यातून, एकाच उन्हातून, एकाच गाडीने जातात. तिकडे निरोगी माणसाच्या पेशी चमकल्या आणि मुलाच्या चमकल्या नाहीत, तर दोष वाटेतल्या उन्हाचा नव्हे हे ठरते. बहुधा ही दुसरी नळी बाळाबरोबर आलेल्या एखाद्या परक्या माणसाची, नाहीतर रक्त काढणाऱ्या परिचारिकेचीच असते.